थेंब बघू, मग बोलू

गुरुवारी सकाळी जनुभाऊ गेले. सात वाजता त्यांनी शटर उघडलं. सव्वासातला मी वरून त्यांच्या पंपाचा आवाज ऐकला. नऊ वाजता चहा घेऊन खाली उतरले. ते स्टुलावर बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली. समोर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरखाली वर्तमानपत्र. मी दोनदा हाक मारली. मग कप खाली ठेवला.

त्यांचं गॅरेज बोईसरजवळच्या पाम गावात, आमच्या घराच्या तळमजल्यावर होतं. मी वर राहते, एकटी. बोईसरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. जनुभाऊ ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त करायचे आणि गॅरेजच्याच मागच्या खोलीत राहायचे. आमच्या दोघांच्या कामात काही साम्य होतं असं नाही. पण दोघांच्याही घरी संध्याकाळी दार उघडायला कोणी नव्हतं, आणि अशी माणसं एकमेकांच्या आवाजाची सवय करून घेतात. माझ्या कुकरच्या शिट्टीवरून त्यांना कळायचं की आज माझा उपास नाही. त्यांच्या पंपावरून मला कळायचं की आज ते कोणाशी बोलणार नाहीत.

तो पंप सायकलचा होता. त्याच्या नळीला त्यांनी रेडिएटरचं एक जुनं झाकण जोडून घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी ऑइलला मिळालं की ऑइल दुधाळ होतं, ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर चहाच्या रंगाचं दिसतं. असा ट्रॅक्टर आला की दुसरे मिस्त्री इंजिनाचं वरचं हेड उघडून मोकळे होत. जनुभाऊ आधी खालचं ऑइल चेंबर उतरवायचे. मग रेडिएटर काठोकाठ भरून ते झाकण लावायचे आणि पंपानं हवा मारायचे. खाली जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पेन्सिलीनं तीन रकाने आखायचे, तीन सिलिंडरचे. आणि स्टूल घेऊन बसायचे.

बस, एवढंच. हवा थोडी उतरली की उठून पुन्हा मारायची. कधी तासाभरात थेंब पडे, कधी संध्याकाळ होई. थेंब कागदावर पडला की ते त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढत, मग उताणे होऊन ट्रॅक्टरखाली सरकत आणि बॅटरीच्या उजेडात तो कुठून उतरला ते शोधत. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, बुडाशी ओल दिसली तर तिथल्या रबरी रिंगा गेल्या. नंतर गोलाशेजारी सिलिंडरचा आकडा लिहायचा. आकडा लिहून होईपर्यंत तोंडातून निदान निघत नसे.

मालक घाईत असायचे. भाताची मळणी, वाडीतली वाहतूक, काही ना काही खोळंबलेलं असायचं.

"जनुभाऊ, अंदाजानं सांगा ना. हेडचं पॅकिंग गेलं असेल?"

"थेंब बघू, मग बोलू."

"अवो पण काय वाटतं तुमाला?"

"मला काय वाटायचं? मी थोडाच गळतोय?"

शेजारच्या लेथवर बिहारचा एक कारागीर होता. तो येता-जाता डोकावायचा. "काका, बगुला भी इतना नहीं बैठता. मछली मिली?" जनुभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "मिलेगी. तू हल्ला मत कर, भाग जायेगी."

हे 'थेंब बघू' त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानदारानं एकदा गॅरेजमध्ये उभं राहून कोणाच्या तरी मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली. रेल्वे स्टेशनवर कोणाबरोबर तरी दिसली म्हणे. जनुभाऊंनी स्टूल पुढे केलं. "बसा. तुमी डोळ्यांनी बघितलं?" "मी नाय, पण माझा मेहुणा..." "मग मेहुण्याला पाठवा. थेंब बघू, मग बोलू." तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. माझ्या छतातून पाणी झिरपायचं तेव्हा गवंडी सगळी गच्ची फोडायला निघाला होता. जनुभाऊ माझ्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून दुपारभर बसले आणि शेवटी नळाच्या सांध्याकडे बोट दाखवलं. त्या दुपारी आम्ही दोघं मिळून दहा वाक्यं बोललो असू. मला ती दुपार आठवते.

ते मूळचे समुद्रकाठच्या नवापूरचे, मासेमारी करणाऱ्या मांगेला घरातले. भावाची बोट अजून आहे. जनुभाऊंना मात्र बोट लागायची. "मांगेल्याच्या पोराला बोट लागते, हे माझ्या बापाला मरेपर्यंत पटलं नाय," असं ते सांगत. बाप त्यांना किनाऱ्यावर ठेवून इंजिनाचं काम देई. तिथे ते एक गोष्ट शिकले. बोटीच्या ऑइलमध्ये पाणी आलं की चेंबरचा नट सकाळी हलकेच सैल करायचा. रात्रभर उभ्या इंजिनात पाणी खाली बसतं, त्यामुळे ऑइलच्या आधी तेच येतं. त्याचा थेंब बोटावर घ्यायचा आणि जिभेला लावून थुंकायचा. खारा लागला तर इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी आत शिरलंय, म्हणजे आत कुठेतरी भोक आहे. गोडा लागला तर पावसाचं पाणी वरून आत गेलंय, किंवा कोणीतरी ओतलंय.

बायको लग्नानंतर चार वर्षांत गेली. मूल नव्हतं. ते नवापूर सोडून पामला आले आणि ट्रॅक्टर दुरुस्त करू लागले. जिभेची विद्या बरोबर घेऊन आले.

ती इकडेही चालली. चिंचणीच्या समुद्राकडच्या वाड्यांमधल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, काही तर बारमाही खाऱ्या. कूलंट नावाचं हिरवं पाणी दुकानात मिळतं, पण वाडीवर ते कोण आणतो? विहिरीचंच पाणी रेडिएटरमध्ये जातं. त्यामुळे खारं म्हणजे रेडिएटर, गोडं म्हणजे बाहेरचं, हा हिशोब जनुभाऊंना जमिनीवरही बरोबर वाटला. लोक लांबून बघायला यायचे. जिभेवरून इंजिन सांगणारा मिस्त्री. त्यांनाही ते आवडायचं. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, फार नंतर.

चिंचणीच्या एका वाडीवर शिनवार नावाचा ड्रायव्हर होता. डोंगराकडचा, विक्रमगडच्याही पुढच्या एका पाड्यावरचा. ऑक्टोबरात त्याच्या घरचं भात कापायला आलं. त्यानं रजा मागितली. मालक नाही म्हणाले. दोन दिवसांनी ट्रॅक्टरचं ऑइल दुधाळ निघालं.

मालकांनी जनुभाऊंना बोलावून घेतलं. सकाळी वाडीतली सगळी माणसं गोळा झाली होती. जनुभाऊंनी नट सैल केला. पाणी आलं. जिभेला लावलं, थुंकले.

"गोडं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे रेडिएटरचं नाय. पाऊस तर कधीच गेला. कुणीतरी ओतलंय."

मालक शिनवारकडे वळले. शिनवार म्हणाला, "मी ओतलं नाय." एवढंच. गोड्या पाण्याचा अर्थ काय होतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याला कोणी विचारलंही नाही. मालक बरंच काही बोलले. शिनवारनं विहिरीवरच्या पंपाच्या खोलीतून आपलं कांबळं घेतलं आणि तो चालत निघाला. जनुभाऊ ऑइल बदलून घरी आले.

दोन महिन्यांनी तोच ट्रॅक्टर पुन्हा बिघडला. आता ड्रायव्हर नवा होता. जनुभाऊंनी नट सैल केला, जीभ लावली. खारं. मग ते रेडिएटरकडे गेले आणि त्या वाडीवर पहिल्यांदाच त्याचं झाकण उघडून तिथलं पाणी चाखलं. तेही खारं. त्यांनी इंजिन उतरवलं. लायनरच्या बुडाच्या रिंगा कुजल्या होत्या, आणि ते काही दोन महिन्यांचं काम नव्हतं.

पंपाच्या खोलीत कोपऱ्यात ऑइलचे दोन रिकामे कॅन होते, पाच-पाच लिटरचे, आतून घासून लख्ख केलेले. जनुभाऊंनी वाडीत भाजी खुडणाऱ्या म्हातारीला विचारलं, हे कोणाचे?

"शिनवारचे. तो रोज रस्त्यापलीकडच्या हापशाचं पाणी आनायचा त्यात. टॅक्टरला पाजायचा. आमी हसायचो, तर म्हनायचा, खाऱ्या पान्यानं लोखंड कुजतं."

"त्याला कोनी सांगितलं?"

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. "तुमीच ना. दोन वरसामागं. तुमी इसरले वाटतं."

हे मला सांगताना जनुभाऊ नेहमी इथे थांबायचे. एकदा म्हणाले, "रेडिएटरचं झाकण दोन पावलांवर होतं, बाई. दोनच पावलं. पन मला वाटलं, इथल्या विहिरीचं पानी मला ठाव हाय."

त्यांनी त्याच दिवशी मालकांना आणि वाडीतल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं की पाणी शिनवारनं ओतलेलं नव्हतं, चूक माझी. मालक म्हणाले, "बरं बरं. गेला तो. तुम्ही रिंगा टाका." ऐकायला हवं होतं तो माणूस तिथे नव्हता.

त्यानंतर त्यांनी जीभ लावायची सोडली आणि कागद पसरायला सुरुवात केली. दोन कॅन घरी आणून फळीवर ठेवले. आणि एका संध्याकाळी जिना चढून माझ्या दाराशी आले, आत न येता म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक पत्र लिवून द्याल?"

एक नाही, पुष्कळ लिहिली. शिनवारचा मोबाइल लागत नव्हता. पाड्याचं नाव नीट कोणाला माहीत नव्हतं. तिकडचे लोक भात झालं की वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर निघून जातात. एका हंगामात पाडाच्या पाडा रिकामा असतो. मी ग्रामपंचायतींना लिहिलं, शाळांना लिहिलं. जनुभाऊ मजकूर सांगायचे तो दर वेळी सारखाच असायचा: 'शिनवार, पाणी तू ओतलं नाहीस. मी चुकलो. तुझा पत्ता कळव.' मी एकदा म्हटलं, थोडं विस्तारानं लिहूया. ते म्हणाले, "यात आनखी काय हाय?" मी तेवढंच लिहिलं.

चार वर्षं गेली. दर आठवड्याला एखाद्या संध्याकाळी ते खालून विचारायचे, "काय आलं?" मी वरून सांगायची, "नाही हो." मग शटर ओढल्याचा आवाज. तो आवाज ऐकल्यावर मला पुस्तक उघडून बसणं जड जाई.

शेवटी माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं. ती तिकडच्या आश्रमशाळेत शिकवते. शिनवार सापडला होता. माघात आम्ही दोघं एसटीनं गेलो. जनुभाऊंनी धुवट सदरा घातला होता आणि मांडीवर ते दोन कॅन धरले होते. कंडक्टर म्हणाला, "काका, रॉकेल तर नाय ना?" ते म्हणाले, "रिकामे हायेत," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शिनवार घराच्या कुडाला माती लिंपत होता. केस पिकले होते. त्यानं ओळखलं, हात मात्र चालूच ठेवले. मी जरा लांब दगडावर बसले.

"शिनवार, मी जनार्दन. पामचा मिस्त्री."

"हां."

"तू पानी ओतलं नव्हतं. रिंगा गेल्या होत्या. तू हापशाचं गोडं भरायचास, ते मला ठाव नव्हतं. म्हंजे मीच तुला सांगितलेलं, नि मीच इसरलो. मी खोटा आळ घेतला तुझ्यावर."

शिनवार लिंपत राहिला. आतून त्याची बायको आली. "यवढं सांगाय इतक्या लांब आले? ह्याला त्यानंतर कुनी टॅक्टरला हात लावू दिला नाय. मालकानं सगळीकडं सांगून ठेवलं. चार वरसं भट्टीवर काढली आमी."

"मला सगळ्यांसमोर सांगायचंय," जनुभाऊ म्हणाले. "तवा सगळ्यांसमोर बोललो होतो."

पाड्यावर त्या दिवशी होती तेवढी माणसं जमली, दहा-बारा. जनुभाऊंनी तेच पुन्हा सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. एक कोंबडी मधून गेली. शिनवारच्या बायकोनं तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्यायले.

शिनवारनं माती झटकली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "त्या इंजनाचं काय झालं?"

"रिंगा बदलल्या. चालतंय."

"पानी कंचं घालतात?"

"खारंच."

"मग परत जाईल," शिनवार म्हणाला आणि कुडाकडे वळला.

कॅन त्यानं घेतले नाहीत. हात मातीचे होते, एवढंच म्हणाला. परतीच्या एसटीत जनुभाऊंनी ते पुन्हा मांडीवर धरले. मनोर गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "त्यानं इंजनाचं इचारलं, बाई." मी म्हटलं, हो. आणखी काही म्हणता आलं असतं. मी माफीवरचे धडे कितीतरी वर्षं शिकवले आहेत. पण त्यांना माफी मिळाली की नाही हे मला ठरवता येईना, आणि त्यांनाही येत नव्हतं. ते अंदाज करणार नव्हते.

त्यानंतर ते जास्तच गप्प झाले. सुके बोंबील भाजल्याचा वास रात्री आठला वर यायचा, नऊला दिवा जायचा. एकदा मी विचारलं, अजून काही लागून राहिलंय का? म्हणाले, "बोलायचं ते मी बोललो. आता थेंब त्याच्याकडं हाय."

दीड वर्ष तसंच गेलं. मग मागच्या मंगळवारी दुपारी खाली दोन ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. पुढच्या ट्रॅक्टरनं मागचा दोरानं ओढत आणला होता. मागच्याच्या स्टिअरिंगवर शिनवार होता.

पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटानं जुना ट्रॅक्टर घेतला होता आणि चालवायला शिनवारला ठेवलं होतं. ऑइल दुधाळ झालं तसं त्यानं इंजिन तिथेच बंद केलं, सुरू करून आणलं नाही. वाटेत विक्रमगडला, मनोरला, पालघरला मिस्त्री होते. ते सगळे ओलांडून तो पामला आला होता.

जनुभाऊ बाहेर आले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"बायका म्हनतात मी पानी ओतलं आसल," शिनवार म्हणाला. त्याचा चेहरा गंभीर होता. मग ओठाचा एक कोपरा हलला.

जनुभाऊंना हसायला थोडा वेळ लागला. "थेंब बघू," ते म्हणाले. "मग बोलू त्यांच्याशी."

शिनवारनं चहा घेतला. दोघं बाकावर शेजारी बसले होते. काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. फार बोलले नसावेत. शुक्रवारी येतो म्हणून तो दुसऱ्या ट्रॅक्टरवर बसून परत गेला. बुधवारी जनुभाऊंनी चेंबर उतरवलं. गुरुवारचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

अंत्यसंस्कार नवापूरला झाले. भावाच्या मुलांनी सगळं केलं. गॅरेजची किल्ली माझ्याकडे राहिली.

शुक्रवारी शिनवार आला. त्याला रस्त्यातच कळलं होतं. मी शटर उघडलं. काहीच हलवलेलं नव्हतं. स्टूल, पंप, ट्रॅक्टर, कागद. तो कागदाशेजारी उकिडवा बसला. मधल्या आणि तिसऱ्या रकान्याच्या रेघेवर एक हिरवट डाग होता. बायकांनी शिनवारच्या सांगण्यावरून दुकानातलं कूलंट आणून घातलं होतं, त्याचा. आजूबाजूला नंतर पडलेले आणखी डाग होते. पण या एका डागाभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला होता.

"त्यांनी बघितलं," शिनवार म्हणाला.

"हो."

"आकडा नाय लिवला."

"नाही."

त्यानं फळीवरची बॅटरी घेतली, उताणा झाला आणि ट्रॅक्टरखाली सरकला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला. "तीन नंबर. लायनरच्या रिंगा. बाई, लिवा."

पेन्सिल स्टुलाखाली पडली होती. मी ती उचलली आणि गोलाशेजारी तीन लिहिलं.

रिंगा शिनवारनं बोईसरहून आणून स्वतः बसवल्या, दोन दिवस गॅरेजमध्येच राहून. जाताना त्यानं फळीवरचे दोन्ही कॅन उतरवून सीटच्या मागे बांधले. मला विचारलं नाही.

आता फळी रिकामी आहे. शटर बंद असतं. कागद मी घडी घालून शब्दकोशात ठेवला आहे. त्यावरचा गोल त्यांचा आहे आणि तीनचा आकडा माझ्या अक्षरातला आहे.